‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा नियम आहे काय? – ‘द बीक ऑफ द फिंच’ : एक परामर्श

जोनाथन वायनर या अमेरिकन लेखकाचा ‘द बीक ऑफ द फिंच’ हा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याला आता तीन दशके उलटून गेली आहेत. एका दूरच्या बेटावरील पक्ष्यांच्या चोचींविषयी लिहिलेल्या या ग्रंथाचा परामर्श बौद्ध विद्येला वाहिलेल्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग सार्वजनिक आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) भरलेल्या एका वैदिक संमेलनाच्या वेळी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. वानराचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, आपल्या पूर्वजांनीही तसे कोठे लिहून ठेवलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पहिलेच प्रकरण होते, ही समाधानाची गोष्ट होय.

दुसरा प्रसंग खाजगी आहे. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींवरून वादळ उठले असताना प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने प्राध्यापक-कक्षात शांतपणे सांगितले होते, “राखीव जागा निसर्गाच्या विरुद्ध आहेत. डार्विन वाचा. लायक असेल तोच टिकतो.” हा गृहस्थ देवभोळा नव्हता, विज्ञानाचा पदवीधर होता. उत्क्रांती नाकारणाऱ्या मंत्र्याला उत्तर देणे तुलनेने सोपे आहे. उत्क्रांती मान्य करून तिच्या नावाने विषमतेचे समर्थन करणाऱ्या सुशिक्षिताला उत्तर देणे अधिक अवघड आहे. आणि त्यासाठी डॅफ्ने बेटावरील पक्ष्यांइतका चांगला साक्षीदार दुसरा सापडणे कठीण.

प्रथम ग्रंथाचा विषय. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्ने मेजर नावाचे एक निर्जन, ज्वालामुखीजन्य बेट आहे. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरच्या जेमतेम एकतृतीयांश. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ साली तेथे काम सुरू केले. ते आणि त्यांचे विद्यार्थी दरवर्षी बेटावर जात, फिंच पक्षी जाळ्यात धरत, त्यांच्या पायांत रंगीत कडी घालत, चोचीची लांबी, रुंदी व जाडी मोजत आणि पक्षी सोडून देत. कोणता पक्षी कोणाशी जोडी करतो, कोणाची पिल्ले जगतात, कोण काय खातो, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. डार्विन १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गॅलापागोसला गेला, फिंच पाहताच त्याला सिद्धांत स्फुरला, ही पाठ्यपुस्तकी कथा खरी नाही. कोणता फिंच कोणत्या बेटावरचा हे त्याने नीट लिहूनही ठेवले नव्हते. हे सर्व पक्षी एकाच गटातील वेगवेगळ्या जाती आहेत हे १८३७ साली लंडनमध्ये जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञाने ओळखले, आणि त्यांचा सविस्तर अभ्यास डेव्हिड लॅक यांनी १९४७ च्या ग्रंथात मांडला. महापुरुषांभोवती साक्षात्काराच्या कथा रचण्याची हौस विज्ञानाच्या इतिहासालाही चुकलेली नाही. वायनर यांनी ही कथा मोडून काढली, हे त्यांच्या ग्रंथाचे एक श्रेय होय.

१९७७ साली डॅफ्नेवर दुष्काळ पडला. पावसाळ्यात सगळा मिळून अवघा २४ मिलिमीटर पाऊस झाला. वनस्पती वाळल्या, लहान व मऊ बिया पक्ष्यांनी लवकरच संपवल्या. उरल्या त्या मोठ्या, कठीण कवचाच्या बिया. त्यांत प्रमुख होती ट्रिब्युलस नावाची काटेरी फळे. ही वनस्पती आपल्याकडील सराट्याच्या अगदी जवळच्या नात्यातली आहे. अनवाणी शेतात हिंडलेल्या कोणालाही सराटा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. ते काटेरी, लाकडासारखे टणक कवच फोडून आतली बी काढायची तर चोच जाड हवी. मध्यम भू-फिंच या जातीत काहींची चोच थोडी जाड, काहींची थोडी बारीक असते. फरक अर्ध्या-एक मिलिमीटरचा, आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही असा. त्या वर्षी त्या अर्ध्या मिलिमीटरवर जीवन-मरण ठरले. या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. जे उरले त्यांच्या चोचींची सरासरी जाडी आधीच्या सरासरीपेक्षा अधिक होती. पिल्लांची चोच बव्हंशी आईबापांसारखी होते हे मोजमापांवरून आधीच सिद्ध झाले होते. त्यामुळे पुढच्या पिढीची सरासरीही सुमारे चार टक्क्यांनी वाढलेली आढळली. निसर्गाची निवड इतकी मंद असते की ती कोणाला दिसणार नाही, असे डार्विन स्वतः मानत होता. येथे ती एका वर्षात, पट्टीने मोजून दाखवता आली. ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाला ग्रँट दांपत्याचे उत्तर तथागतांच्या परंपरेला मानवेल असेच आहे : एहिपस्सिको, या आणि पाहा, ही वही, हे आकडे, हा पायातल्या कड्याचा रंग.

दुष्काळाची ही प्रकरणे ग्रंथाचा आत्मा आहेत, असे मी लिहिणार होतो. पण आपल्या वाचकांपुढे तो शब्द जपून वापरलेला बरा. ही प्रकरणे ग्रंथातील सर्वोत्तम आहेत, एवढेच म्हणतो.

येथे थोडे थांबून आपल्या भाषेकडे पाहणे आवश्यक आहे. मराठीत जीवशास्त्र शिकवताना आपण ‘अनुकूलन’ हा शब्द वापरतो आणि लगेच म्हणतो, ‘प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात.’ उंच पाने खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली, वाळवंटात राहण्यासाठी उंटाला मदार आली. दोष त्या ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययात आहे. डॅफ्नेवरच्या एकाही पक्ष्याने सराटा फोडण्यासाठी चोच जाड केली नाही. कोणी करू शकतही नव्हता. ज्यांची चोच मुळात जाड होती ते अधिक प्रमाणात वाचले, ज्यांची बारीक होती ते अधिक प्रमाणात मेले. बदलली ती समूहाची सरासरी. व्यक्ती जशीच्या तशी राहिली. व्यक्तींत फरक असणे, तो फरक पिढीकडून पिढीकडे जाणे आणि त्या फरकामुळे कोणाची संतती जास्त तर कोणाची कमी होणे, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की बदल घडतो. त्याला योजना लागत नाही, योजकही लागत नाही. कर्त्यावाचून घडणारी, केवळ हेतु-प्रत्ययांनी चालणारी प्रक्रिया समजून घेणे पटिच्चसमुप्पादाचा अभ्यास करणाऱ्या वाचकाला जड जाऊ नये. पण आपली रोजची भाषा मात्र पदोपदी कर्ता मागते.

‘उत्क्रांती’ हा शब्दही निर्दोष नाही. त्यात ‘वर जाणे’ आहे. वेदान्ताच्या ग्रंथांत तर जीवाने देह सोडून निघून जाणे या अर्थी तो येतो. ज्या प्रक्रियेत आत्म्याला जागा नाही तिला नेमका हा शब्द मिळावा हा योगायोग गमतीचा आहे. बंगालीत ‘विवर्तन’ म्हणतात; तेथे निदान शिडी सूचित होत नाही. आता शब्द बदलणे शक्य नाही आणि तसा आग्रहही नाही. परंतु शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला सांगावे की, या शब्दातील ‘उत्’ खरे मानू नका.

भाषेतील ही चूक किती महाग पडते याचे उदाहरण विदर्भातील कापसाच्या शेतात आहे. वायनर यांनी कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या किडींवर एक प्रकरण लिहिले आहे. त्यातील कापसावरचा पतंग अमेरिकेतला आहे. आपल्याकडे बी.टी. कापूस २००२ साली आला, दोन विषजनुकांचे वाण २००६ साली आले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बी.टी. कापसाचीच बोंडे पोखरली. शेतकरी म्हणतात, ‘अळी औषधाला सरावली.’ हा शब्दप्रयोग अगदी स्वाभाविक आहे आणि पूर्णपणे चुकीचा आहे. कोणतीही अळी सरावत नाही. विष न पचणाऱ्या मेल्या, योगायोगाने पचवू शकणाऱ्या थोड्या उरल्या, त्यांचीच वीण वाढली. म्हणूनच बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बी.टी. बियाणे दिले जाई आणि शेताभोवती त्याच्या ओळी लावा असे सांगितले जाई. तेथे साध्या अळ्याही जगाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करत राहावेत आणि प्रतिकाराचा गुण समूहात विरळ राहावा, असा तो हिशेब होता. हा हिशेब शेतकऱ्याला कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगितला नाही. बहुतेकांनी ते बियाणे लावलेच नाही. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेऊन फवारणारा मजूर कोणत्या समाजातून येतो हे या वाचकांना सांगावे लागू नये. उत्क्रांती हा दहावीच्या मुलांना अनावश्यक विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या शेतांतून एकदा हिंडून यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द डार्विनचे नाहीत. ते हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली वापरले आणि डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारले. मराठीत याचे भाषांतर अनेकदा ‘बळी तो कान पिळी’ असे होते. प्राध्यापक-कक्षातील माझ्या सहकाऱ्याच्या मनात हीच म्हण होती. डॅफ्नेवर १९७७ मध्ये मोठे, जाड चोचीचे पक्षी टिकले. तेव्हा म्हण खरी ठरली असे वाटेल. पण ग्रँट दांपत्य बेट सोडून गेले नाही, हे आपले भाग्य. १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे बेटावर तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. वेली माजल्या, सराट्यांची झाडे त्यांच्याखाली दबली, लहान बियांचा सुकाळ झाला. त्यानंतर पुन्हा कोरडी वर्षे आली तेव्हा मोठ्या देहाचे, जाड चोचीचे पक्षी मागे पडले आणि लहान चोचीचे टिकले. जो १९७७ चा ‘लायक’ तोच १९८५ चा ‘नालायक’! त्याच्यात काहीच बदलले नव्हते. बेट बदलले होते. पुढची हकिकत या ग्रंथानंतरची आहे. १९८२ च्या अखेरीस बेटावर मोठ्या भू-फिंचांनी वस्ती केली होती. २००३-०४ च्या दुष्काळात सराटे त्यांनीच संपवले, आणि या वेळी मध्यम फिंचांतील जाड चोचीचेच अधिक मेले. म्हणजे १९७७ सारखाच दुष्काळ, निकाल मात्र उलटा, कारण शेजारी बदलला होता. त्या निवडीत एच.एम.जी.ए.२ या जनुकाच्या भागाचा वाटा होता हे २०१६ साली दाखवण्यात आले.

तेव्हा जीवशास्त्रातील ‘योग्यता’ म्हणजे श्रेष्ठता नव्हे, सामर्थ्य नव्हे, गुणवत्ता तर नव्हेच. अमुक ठिकाणी, अमुक काळी, अमुक शेजाऱ्यांमध्ये मागे राहिलेल्या संततीचे ते केवळ माप आहे. ही गोष्ट वायनर यांच्या पानोपानी आहे, तरी ती एकदाही ठणकावून सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवले नाही, ही माझी या ग्रंथाविषयीची मुख्य तक्रार आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर बायबलातील सृष्टिनिर्मितीवर श्रद्धा असलेला अमेरिकन वाचक आहे. त्याला पटवण्यात त्यांची सारी शक्ती खर्च होते. डार्विनच्या नावाने ज्यांना पायदळी तुडवले गेले तो वाचक त्यांना दिसत नाही. अखेरच्या भागात ते मानवी मनाकडे वळतात तेव्हा लेखन सैल होते. चोचीचे रूपक माणसावर बेतताना जी सावधगिरी हवी ती तेथे नाही. शिवाय डार्विनच्या रोजनिशीतून बेटावर आणि बेटावरून रोजनिशीत असे इतके फेरे आहेत की मधली काही प्रकरणे चाळून पुढे गेले तरी बिघडत नाही.

ही उणीव भरून काढणारा विचार मात्र आपल्याकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सद्धम्माने समतेचा पुरस्कार का केला पाहिजे हे सांगताना नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आहे. जीवनकलहात विषमता हाच नियम मानला तर दुर्बलाचा पराभव ठरलेलाच. जो टिकण्यास योग्य तोच समाजाच्या दृष्टीने उत्तम असतो काय? याचे होकारार्थी उत्तर कोणीही खात्रीने देऊ शकत नाही. आणि म्हणूनच समता हवी, कारण जो उत्तम आहे पण ‘योग्य’ ठरत नाही तोही समतेमुळे टिकू शकेल. बाबासाहेबांनी हे लिहिले तेव्हा ग्रँट दांपत्याचे संशोधन सुरूही झाले नव्हते. तरीही ‘योग्य’ आणि ‘उत्तम’ यांतील जी दरी त्यांनी दाखवली ती चार दशकांच्या मोजमापांनी पक्की झाली आहे. त्यांचा विज्ञानाशी संबंध वरवरचा नव्हता. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ मध्ये वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी बेटसन यांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथाचा आधार घेतला होता. त्याआधी १८९३ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात डार्विनचे खंदे पुरस्कर्ते टी. एच. हक्सले यांनीही सांगितले होते की, समाजाची नैतिक प्रगती निसर्गक्रमाचे अनुकरण करण्यात नसून त्याच्याशी झगडण्यात आहे. आणि त्याच व्याख्यानात त्यांनी गौतम बुद्धांच्या अनात्मवादाची आदराने चर्चा केली होती.

आणखी एका शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण ती उद्या कोणीतरी उपस्थित करणारच. १९८१ साली डॅफ्नेवर शंभर किलोमीटरहून दूरच्या बेटावरून एक अनोळखी, मोठा नर फिंच आला. त्याने स्थानिक मध्यम फिंच मादीशी जोडी केली, आणि काही पिढ्यांतच त्याचे वंशज फक्त आपसांत जोड्या करू लागले. त्यांच्यावरील संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा नव्या जातीची सुरुवात म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ‘पाहा, निसर्गातही जातिबंधने आहेत’ असे म्हणण्याचा मोह यातून होऊ शकतो, आणि मराठीत तो अधिक होईल, कारण जीवशास्त्रातील ‘जाती’ आणि समाजातील ‘जाती’ यांना आपण एकच शब्द वापरतो. परंतु फिंच जोडीदार निवडतो तो बापाकडून शिकलेल्या गाण्यावरून आणि चोचीच्या आकारावरून. कोणताही पंच त्याला वाळीत टाकत नाही. शिवाय फिंचांच्या जातींत अधूनमधून संकर होतोच, आणि १९८३ नंतरच्या काळात संकरित पिल्ले चांगली जगली. माणसांत अंतर्विवाह लादावा लागतो. १९१६ च्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो टिकवण्याची साधने असल्याचे दाखवले. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. व अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकांच्या आधारे दाखवून दिले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूहांचा मोठ्या प्रमाणावर संकर झाला आणि अंतर्विवाहाची बंदिस्ती त्यानंतरची आहे. जे अनादि असल्याचे सांगितले गेले त्याला रक्तातच तारीख सापडली.

शेवटी दोन शब्द आपल्याच माणसांविषयी. ‘डार्विनचा सिद्धांत बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला’ असे आपल्या व्यासपीठांवरून अलीकडे फार ऐकू येते, आणि आधार म्हणून दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त पुढे केले जाते. हे टाळावे. त्या सुत्तात तेजोमय प्राणी हळूहळू स्थूल होत जातात. तो क्रम अधोगतीचा आहे आणि त्यात निसर्गनिवडीचा मागमूस नाही. जन्माने श्रेष्ठत्व सांगणाऱ्या ब्राह्मणी दाव्याला दिलेले ते उपरोधिक उत्तर आहे. त्याचे मोल त्यातच आहे. पुराणातील मत्स्य-कूर्म-वराहांत उत्क्रांती शोधणाऱ्यांना आपण हसतो, तर तीच चूक पालीतून करू नये. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त मात्र या विषयासंबंधी खरोखर वाचण्यासारखे आहे. गवत व झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांच्यात जातिपरत्वे वेगळ्या खुणा दिसतात. माणसांच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी कोणतीही खूण नाही, असे तेथे एकेक अवयव घेऊन सांगितले आहे. जाती बदलतात हे त्या सुत्ताला ठाऊक नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. तो निरीक्षणाचा भाग आहे, आणि निरीक्षण म्हणून तो आजही टिकतो.

वायनर यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे, पण भाषा कठीण नाही. विहारांच्या ग्रंथालयांनी तो अवश्य ठेवावा. ज्यांना संपूर्ण वाचणे शक्य नाही त्यांनी निदान १९७७ च्या दुष्काळाची आणि १९८३ च्या पावसाची प्रकरणे लागोपाठ वाचावीत, वेगवेगळ्या दिवशी नव्हे. आणि शेजारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधील समतेवरचा तो छोटा परिच्छेद उघडून ठेवावा.